उलटा आर

आर उलटा दिसला की फिल्म उलटी. वेणू घरतला एवढं एक पक्कं ठाऊक होतं. पेशंटच्या उजव्या खांद्याशी शिशाचं छोटं इंग्रजी अक्षर, राइटचा आर, ठेवायचं, एक्स-रे काढायचा, डार्करूममध्ये फिल्म धुवायची, वाळत टाकायची, आणि डॉक्टरांच्या टेबलावरच्या उजेडाच्या पेटीवर लावताना तो आर सरळ वाचता आला पाहिजे. नाहीतर उजवं फुप्फुस डावीकडे जातं, डॉक्टर भलत्याच बाजूला सुई टोचतात, आणि मग कंपाउंडरपासून मालकापर्यंत सगळे वेणूच्या नावाने शंख करतात. म्हणून त्या दुपारी, दवाखाना जेवणासाठी बंद असताना, तिने हेतल शहाने दिलेलं रशियन वर्तमानपत्राचं पुडकं सोडलं, आतून निघालेली काळी गोल चकती कडांनी धरून पेटीवर लावली, आणि वरच्या कडेशी खरवडलेला उलटा आर दिसला, तेव्हा तिच्या हातांनी तिला न विचारताच चकती पालटली. आर सरळ झाला. हातांचं समाधान झालं. मग वेणू बघायला लागली.

छातीचा फोटो होता. कुणीतरी तो कात्रीने गोल कापला होता, मधोमध सिगारेटने भोक पाडलं होतं, आणि कडेपासून त्या भोकापर्यंत गोल गोल बारीक रेघा घातल्या होत्या. रेघांच्या आत फासळ्या होत्या, फासळ्यांच्या आत राखाडी धूर. खालचा भाग कापण्यात गेलेला, त्यामुळे काळजाची सावली अर्धीमुर्धीच उरली होती आणि ती नको त्या बाजूला झुकल्यासारखी वाटत होती. पण वेणूने ती चूक रशियाच्या खात्यावर टाकली. देशच्या देश मोडून पडला, तिथे फोटो कोण नीट काढणार? हेतल सकाळी पुडकं घेऊन आली तेव्हा दारातच उभी राहिली होती. कापड बाजारातल्या शहांची ही मुलगी मॉस्कोला डॉक्टरकी शिकायला गेली होती आणि शिक्षण कसंबसं संपवून नुकतीच पनवेलला परतली होती. "वेणूताई, सुदामभाईंनी होस्टेलवर येऊन दिलं, गेल्याच्या आधीच्या विंटरला. म्हणाले, वेणूच्याच हातात दे. फार थांबले नाहीत. नंतर मी निघायच्या आधी त्यांच्या घरी गेले होते, तर ते घरच पाडलेलं. सगळे आर्टिस्ट कुठे गेले, कुणालाच माहीत नाही." एवढं बोलून तिने वेणूचा हात धरला आणि लगेच सोडला. धरला त्यापेक्षा सोडला त्याचीच वेणूला जास्त भीती वाटली.

ही चकती म्हणजे काय, ते वेणूला माहीत होतं. चित्रकला शिकायला मॉस्कोला गेलेल्या तिच्या नवऱ्याने, सुदामने, कधीतरी पोस्टकार्डावर लिहिलं होतं की पूर्वी तिकडे परदेशी गाण्यांवर बंदी होती, तेव्हा पोरं दवाखान्यांच्या मागच्या दाराने टाकाऊ एक्स-रे आणायची आणि त्यांच्यावर चोरून गाणी कोरायची. कुणाच्या तरी मोडक्या बरगडीवर नाचाचं गाणं. "आणि आता आम्ही पुन्हा तेच करतो, पण आता त्याला कला म्हणतात," असं लिहून पुढे हसणारं तोंड काढलं होतं. आम्ही म्हणजे कोण, ते तिला कधी नीट कळलं नाही. पाडायला काढलेल्या एका चार मजली घरात सुदाम आणि त्याच्यासारखे दहा-बारा जण राहत होते. स्वयंपाकघरात प्रदर्शन भरवायचे. मोरीत चित्रं टांगायचे. जुन्या सरकारी पोस्टरावरच्या गुबगुबीत गवळणीच्या हातातली बादली पांढऱ्या रंगाने पुसून तिथे नुसतं प्रश्नचिन्ह काढायचे. एकदा म्हणे सगळ्यांना आगगाडीत बसवून गावाबाहेर नेलं, गुडघाभर बर्फात उभं केलं, आणि लांबच्या झाडीतून एक माणूस हातात पेटलेला कंदील घेऊन निघाला, चालत चालत आला, कंदील विझवला आणि परत गेला. झालं. हीच कला. सुदामने लिहिलं होतं, "वेणू, मी रडलो." तेव्हा ती डार्करूमच्या दारात उभी राहून ते कार्ड वाचत होती आणि तिला त्याचा राग आला होता. इथे सासूचे गुडघे धरलेत, सिडकोने घेतलेल्या जमिनीवर सळया उभ्या राहतायत, आणि हा बाबा विझलेल्या कंदिलापायी रडतोय. तो राग आता कुठे गेला कोण जाणे. असता तर बरं झालं असतं. रागाला निदान टेकायला जागा असते.

तिने पुन्हा पेटीकडे पाहिलं, या वेळी कामाच्या डोळ्यांनी. एका फुप्फुसाच्या शेंड्याला, कॉलरबोनच्या खाली, भोवऱ्यासारखी गोल पोकळी होती आणि तिच्याभोवती कापूस पिंजल्यासारखं. क्षयाचं असलं चित्र पनवेलच्या त्या पेटीवर दर आठवड्याला लागायचं. वीटभट्टीवरून आलेली माणसं, डोंगराकडची कातकरी माणसं. डॉक्टर ते बघून नुसती मान हलवायचे. आणि दुसऱ्या बाजूचं कॉलरबोन मधे मोडून पुन्हा सांधलेलं होतं, सांध्यावर हाडाची गाठ आली होती. वेणू पेटीवर वाकली. सुदामचं कॉलरबोन मोडलं होतं. टॉकीजवरचा बोर्ड रंगवताना परांचीवरून पडला होता, हिरॉइनचा एक डोळा काढून झालेला आणि दुसरा राहिलेला. प्लास्टर सोडल्यावर ती गाठ हाताला लागायची, आणि लग्नानंतर अंधारात वेणूचं बोट कितीतरी वेळा तिच्यावर जाऊन थांबलं होतं. पण ती गाठ डाव्या खांद्याची होती. डाव्याच. ती त्याच्या डाव्या अंगाला झोपायची. आणि इथे आर सरळ होता, आणि मोड आरच्या बाजूला होती. म्हणजे उजवी. म्हणजे हा तो नव्हे. कुण्या दुसऱ्याच दुर्दैवी माणसाची छाती. वेणूने श्वास सोडला, आणि परक्या माणसाच्या दुखण्यावर आपण देवाचे आभार मानतोय याची लाजही तिला वाटली नाही. चकती तिने परत वर्तमानपत्रात घातली, कडांनीच धरून. फिल्मच्या अंगाला बोट लावायचं नाही, ही दुसरी सवय.

उरण नाक्याजवळ तुळशीरामचं साऊंड सर्व्हिसचं दुकान होतं. लग्न, हळद, सत्यनारायण, निवडणूक, सगळीकडे त्याचे कर्णे. आता तो कॅसेटीच वाजवायचा, पण तबकड्या वाजवायचा जुना फोनो त्याने टाकून दिला नव्हता, हे वेणूला माहीत होतं. तिच्या लग्नातही तोच वाजला होता. तुळशीरामने माळ्यावरून मांडवाच्या कापडांखालून तो काढला, फुंकर मारली, आणि चकती उजेडाकडे धरून बघत राहिला. "वैनी, ह्ये कुनाचं छाताड हाय?"

"मायत नाय. सुदामनं धाडलंय. गानं असंल."

"सुदामनं?" त्याने चकती फिरवून फिरवून पाहिली. "बाजू कंची? मना तर वाटतं रेघा या अंगाला हायेत."

"नाय, आर सरळ दिसला पायजे," वेणू म्हणाली. तिच्या आवाजात दवाखान्याचा अधिकार होता. तुळशीरामने मान डोलावली. ज्याचा धंदा त्याला ठाऊक. त्याने खाली एक जुनी लाखेची तबकडी ठेवली, वर चकती, वळणाऱ्या कडांवर चार शर्टाच्या पिना लावल्या आणि सुई टेकवली. सुई घसरली. गुळगुळीत फरशीवरून पाय सरकावा तशी थेट मधल्या भोकापर्यंत गेली आणि तिथे खटखट करत राहिली. पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. कर्ण्यातून नुसतं खरखरणं आलं, तेही थोडंसंच. बाहेर रिक्षावाले ओरडत होते. तुळशीराम तिच्याकडे न बघता म्हणाला, "कोरी हाय, वैनी."

कोरी. घराकडे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसून तिने तो शब्द किती वेळा घोळवला असेल. वर्षानुवर्षं एक अक्षर नाही. आधी पोस्टकार्डं दर महिन्याला, मग दोन महिन्यांनी, मग तिकडचं सरकार कोसळल्याची बातमी आली त्यानंतर एकच, त्यावर नुसता एक बसथांबा काढलेला. कुठल्या तरी माळावरचा, माशाच्या आकाराचा, अंगभर निळ्या फरशीच्या तुकड्यांचा, आजूबाजूला माणूस नाही की घर नाही. असले थांबे तिकडे जागोजाग आहेत, त्याने खाली लिहिलं होतं, कुणा वेड्याने बांधून ठेवल्यासारखे, आणि मी आलो की पळस्पे फाट्यावर असाच एक बांधणार, गोव्याला जाणारा प्रत्येक माणूस मान वळवून बघेल. मी आलो की. ते कार्ड तिने देव्हाऱ्यात ठेवलं होतं. त्यानंतर काही नाही. आणि आता हे. परक्याची हाडं, आणि हाडांवर काही नाही. ही पण कलाच असेल, तिच्या मनात आलं. माणूस बर्फात उभा करायचा, लांबून येतो येतो म्हणायचं, आणि कंदील विझवायचा. तिला एकदम मोठ्याने ओरडावंसं वाटलं. शेजारची बाई मेथीची जुडी सावरून बसली होती. वेणूने कळंबोलीच्या लोखंडबाजारातले ट्रक मोजायला घेतले, पण मोजणी कुठेच पोचेना.

रोडपालीला घरी ठमाबाई, तिची सासू, ओट्यावर पाय पसरून बसलेली. हेतल येऊन गेल्याचं गावाला कळलंच होतं. गावाला काय कळत नाही!

"काय बोलला माजा पोऱ्या?"

"गानं हाय, आय."

"कंचं गानं?"

"रशियाचं. आपल्याला नाय समजत."

"बरा हाय ना पन?"

"बराच असंल. गानी म्हनतो म्हन्जे," वेणू म्हणाली आणि आत गेली. आतली मागची भिंत तिच्यासमोर आली. मॉस्कोला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात सुदाम रशियन भाषेचा क्लास करत होता, आणि कागदावर त्याचं भागायचं नाही, म्हणून बोर्डाच्या ब्रशने त्याने सगळी अक्षरं या भिंतीवर काढली होती, हातभर उंचीची, लाल रंगात, सावलीसकट. त्याची बहीण रूपा म्हणायची, घराचं एसटी स्टँड केलं. पुढच्या दिवाळीत भिंत चुन्याने पुसली. आता तिथे सपाट पांढरं होतं. वेणू त्या पांढऱ्याकडे बघत राहिली, आणि काहीतरी तिच्या तोंडाशी येऊन परत फिरलं. ओळखीचा माणूस बाजारात दिसावा आणि नाव आठवू नये, तसं. ती आडवी झाली. झोपली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. वेणू डार्करूममधून ओल्या फिल्मा घेऊन बाहेर आली तेव्हा काशीराम कंपाउंडर दार अडवून उभा होता आणि एका म्हाताऱ्याला आत बोलावत होता. म्हातारा लाजत होता, चपला काढू की नको असं त्याचं चाललं होतं. "या," काशीराम म्हणाला. "अहो या, या ना. असेच या." आणि वेणूच्या हातातल्या फिल्मांतून धुण्याच्या औषधाचं, हायपोचं, पाणी टपटप पायांवर पडत राहिलं. कारण ती भिंत तिला दिसली. सगळ्यात शेवटचं अक्षर, खाली चुलीजवळ, कारण वर जागा संपली होती. एक पाय पुढे टाकलेला, डावीकडे तोंड केलेला, उलटा आर. तिनेच म्हटलं होतं, "ह्यो उलटा झाला. पुसा." आणि सुदाम ब्रश दातांत धरून हसला होता. "उलटा नाय ग. तो तसाच. ह्याला वाचायचं 'या'."

"या? म्हन्जे कोन आलं?"

"कोन नाय आलं. त्यांच्यात 'या' म्हन्जे 'मी'."

"मी म्हन्जे या?" ती हसून हसून भिंतीला टेकली होती आणि लाल रंग तिच्या पाठीला लागला होता. त्या दिवसापासून तो दारातून हाक मारताना एरवीसारखं 'ये' म्हणायचा नाही. लाडाने, सरकारी पाहुणीला बोलवावं तसं, "या" म्हणायचा. आणि ती चुलीवरून, विहिरीवरून, जिथे असेल तिथून "आले" म्हणायची. नवरा बायकोला 'या' म्हणतो म्हणून शेजारपाजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हे सगळं ती विसरली कशी? तर शिशाच्या त्या एका अक्षराने, रोज शंभरदा सरळ करून करून, चुलीजवळचं दुसरं अक्षर पुसून टाकलं होतं. चुन्याने पुसलं नसेल इतकं. तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली.

हातातल्या फिल्मा तिने काशीरामच्या अंगावर ढकलल्यासारख्या दिल्या, पिशवीतून चकती काढली आणि पेटीवर लावली. Я. या वेळी पालटली नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने फिल्मच्या अंगावर बोट ठेवलं. रेघा बोटाला लागल्या. याच बाजूला होत्या. तुळशीरामला कळलं होतं आणि तिला नाही. क्षणभर, खरंच क्षणभर, तिला आनंद झाला: कोरी नव्हती, तो बोलला होता. मग तिची नजर वर गेली. काळजाची अर्धी सावली आता बरोबर बाजूला झुकली होती. मोडून सांधलेलं हाड डावीकडचं झालं होतं. तीच गाठ. बोट आपसूक तिथे गेलं, आणि थंड प्लास्टिकवर थांबलं. मग त्या पलीकडच्या, उजव्या शेंड्याची ती गोल पोकळी. काल जी परक्याची होती, जिच्यासाठी तिने देवाचे आभार मानले होते. आवाज हवा तर ही पोकळी घ्यावी लागत होती. पोकळी नको म्हटली तर चकती पालटून ठेवायची आणि मुकाट राहायचं. एकाच फिल्मच्या दोन बाजू. "घरतबाई, पुढचा पेशंट," डॉक्टर आतून म्हणाले. "आले," ती म्हणाली, चकती उचलली, आणि चपला न घालताच दवाखान्याबाहेर पडली.

रस्ता तापला होता. वडाळे तळ्याच्या कडेने जाताना ती मनातल्या मनात भांडत होती, कुणाशी ते तिलाही सांगता आलं नसतं. या दुखण्याला औषध आहे. ती रोज बघते. महिने न महिने गोळ्या घेतल्या की माणूस उठतो, विटा वाहायला लागतो. पण मोडक्या देशात, पाडलेल्या घरात, बर्फात, गोळ्या कोण देणार? फोटो गेल्याच्या आधीच्या थंडीतला. त्यानंतर एक अख्खी थंडी गेली. एवढ्या मोठ्या पोकळीचा माणूस गोळ्यांशिवाय एक थंडी काढतो का, हे तिला नको इतकं चांगलं माहीत होतं. माहीत नसतं तर ती धावू शकली असती. ती नुसती चालली.

तिला बघताच तुळशीराम उठला. फोनो अजून खालीच होता. त्याने चकती दुसऱ्या बाजूने ठेवली, पिना लावल्या, आणि सुई हातात धरून म्हणाला, "वैनी, ह्ये पलाष्टिक मऊ हाय आनि सुई पोलादी. एक डाव नीट वाजंल. दुसऱ्या डावाचं मी सांगू शकत नाय."

"लावा."

आधी कढईत काहीतरी तळत असल्यासारखा आवाज आला. मग त्याच्या मागून, लांबून, एक माणूस.

"वेणू. आयकू येतं का? मी माज्याच हाडांवर बोलतंय." थोडं हसणं. "आमी सगल्यांनी आपापल्या फोटोवर कोरलंय. खिडक्यांना पडदे करून टांगलंय. लोकं येतात, कागदाचा कर्णा लावून आयकतात. माज्या पयल्या चकतीवर मी मराठीत बोललो त्ये कुनालाच समजत नाय, तरी एक म्हातारी रोज येते आनि माजीच लावते." खोकला. कोरडा नव्हे, खालून येणारा, ओला. वेणूने डोळे मिटले. "डाक्टरीन म्हनली, फोटो तुज्याकडंच ठेव. मी म्हनलं द्या, माजी बायको ह्याच कामाला हाय. लिवायला बसलो की लिवता येत नव्हतं. मंग म्हनलं कशाला लिवायचं? वेणू लाइटीवर लावंल आनि बघंल. तिला सांगायची गरज नाय. आयला सांगू नको." पुन्हा खोकला, लांबलचक, आणि सुई त्या जागी हेलकावली. "पलस्प्याच्या थांब्याला निळी फरशी नको. हिरवी. आपल्या खाडीसारकी. मी इथं चितारून ठेवलंय. बस. जागा संपत आली. आता सही करतंय."

आणि मग स्पष्ट, जवळ, दारातून मारावी तशी हाक: "या."

शेवटची रेघ त्याने पुढे नेली नव्हती, गोल बंद केली होती. सुई तिच्यातच फिरायला लागली. या. खरखर. या. खरखर. या. तिकडच्या त्या म्हातारीला यात 'मी' ऐकू आलं असतं. मी, मी, मी. वेणूला एकच ऐकू येत होतं. तुळशीरामने हात पुढे केला. "उचलतो, वैनी. झिजंल. राहू द्या एवढं तरी."

"नको," वेणूने त्याचं मनगट धरलं. तिच्या बोटांत इतका जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. "बोलतायत ना. बोलू द्या."

"आले," ती कर्ण्याला म्हणाली. या. "आले." पोलादी सुईच्या टोकाशी काळा भुगा साठत होता. हाक पातळ होत गेली, 'य' गेला, नुसता 'आ' राहिला, मग तोही खरखरीत मिसळला. तुळशीरामने हळूच आपलं मनगट सोडवून घेतलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. आत सुई फिरत होती, तिच्याखाली आता काही नव्हतं, आणि वेणू थोड्या थोड्या वेळाने म्हणत होती, "आले. आले हो."